अंतर सरळ, प्रवास वाकडा

मला विमानतळावर घ्यायला येणाऱ्या माणसाला ‘किती तास लागतात?’ या प्रश्नाचे एकच उत्तर हवे असते, आणि माझ्यापाशी किमान चार उत्तरे तयार असतात.

पहिले उत्तर संगणकाचे. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा निर्दोष गोल आहे असे गृहीत धरून तो दोन शहरांमधील सर्वांत जवळची वाट मोजतो, तिला ताशी ८०० किलोमीटरने भागतो, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास उदारपणे मिळवतो आणि शाळेच्या गणितातील आगगाडीसारखे आपले विमान कुठेही न थांबता, कुणाचीही वाट न पाहता मुक्कामी पोहोचवतो. हे उत्तर बिनचूक असते. तेवढ्या वेळात पोहोचलेला प्रवासी मात्र मला अजून भेटलेला नाही.

ही जवळची वाट सपाट नकाशावर काढली की कमानीसारखी वाकते. लंडनहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान समोरच्या पडद्यावर ग्रीनलँडकडे झुकलेले दिसते, तेव्हा शेजारचा प्रवासी वैमानिकाविषयी शंका व्यक्त करतो आणि मला गोलीय भूमितीवर बोलावे लागते. असे व्याख्यान दिल्यानंतर उरलेले नऊ-दहा तास त्या माणसाशेजारीच काढायचे असतात, हे भूमितीच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही.

त्यातच वारा. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा झोत वाहत असतो आणि त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला जाताना साडेसहा-सात तास लागतात, तर तेच साडेपाच हजार किलोमीटर परत येताना साडेसात-आठ तासांचे होतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या पाठबळावर एका प्रवासी विमानाने लंडन ४ तास ५६ मिनिटांत गाठले होते. असा वारा माझ्या तिकिटाच्या तारखेला कधी वाहत नाही. वाहिलाच तर समोरून.

घड्याळे आणखी भर घालतात. टोकियोहून संध्याकाळी निघालेला माणूस त्याच तारखेच्या सकाळी लॉस एंजेलिसला उतरतो, म्हणजे कागदोपत्री निघण्यापूर्वीच पोहोचतो, आणि तरीही थकलेला असतो.

पण माझा खरा राग वेळापत्रकावर आहे. त्यातील वेळ चाके जमीन सोडतात तेव्हा सुरू होत नाही, तर विमान आपली जागा सोडते तेव्हा सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहते तेव्हा संपते. मधली धावपट्टीपर्यंतची रांगत चाल त्यातच धरलेली असते. शिवाय उशीर झालाच तर दिसू नये म्हणून कंपन्या त्यात थोडी जास्तीची मिनिटेही पेरून ठेवतात. मग वैमानिक अभिमानाने सांगतो की आपण वीस मिनिटे आधी पोहोचलो आहोत, आणि लगेच खालच्या आवाजात पुस्ती जोडतो की आपली जागा अजून रिकामी झालेली नाही. ती वीस मिनिटे आम्ही सगळे, पट्टा न सोडण्याची सूचना मोडून, वाकलेल्या मानेने उभे राहून घालवतो.

अंतर जितके कमी, तितकी थट्टा मोठी. ४०० किलोमीटरसाठी गणित एक तास सांगते; घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत पाच तास सहज जातात, आणि त्यांतील बराचसा काळ सामानाच्या त्या फिरत्या पट्ट्यापाशी जातो, ज्यावर एकच बेवारस निळी बॅग, ताशी कितीही किलोमीटरने भागली तरी, पुन्हा पुन्हा माझ्याच समोर येत राहते.