राजधानीला रेल्वेने जाऊ इच्छिणाऱ्यांस

पणजीच्या ऑफिसला रोज रेल्वेने जायचं तुमच्या डोक्यात आलंय, हे ऐकून बरं वाटलं. पेट्रोल वाचेल, पर्वरीच्या रस्त्यावरची वाहतुकीची कोंडी चुकेल, खिडकीतून शेतंही दिसतील. किरकोळ अडचण एवढीच की पणजीला रेल्वे जात नाही. तेव्हा तुम्ही करमळीला उतरा. राजधानीचं स्टेशन तेच. तिथून राजधानी दहा-बारा किलोमीटर लांब आहे, ती गोष्ट वेगळी.

थिवीला राहत असाल तर उत्तमच. पास काढा, फलाटावर सावली पडलेलं बाकडं हेरून ठेवा आणि गाडीची वाट पाहा. वेळ पुष्कळ मिळेल. तेवढ्यात इतिहास समजून घ्या, म्हणजे चिडचिड होणार नाही.

गोव्याला रेल्वे उशिरा आली असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. 1878 साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांचा करार झाला. त्यात गोव्यातलं मीठ पिकवायचा नि विकायचा मक्ता इंग्रजांकडे गेला आणि आपल्या वाट्याला मुरगावचं बंदर नि रेल्वे आली. मडगाव, सावर्डे, कुळे करत, दूधसागराच्या तोंडावरून घाट चढत कॅसलरॉकला भिडणारी ती मीटरगेज 1888 सालापर्यंत पुरी झाली. तिच्यातून घाटावरचा माल बंदरात यायचा होता. माणसंही बसली, कुणी उतरवलं नाही, एवढंच. झुवारी नदी ओलांडून पणजीकडे यायचं तिला कारणच नव्हतं. पणजीत माल नव्हता, साहेब होते.

पुढची शंभरेक वर्षं तिसवाडी, बार्देस, पेडणे या तालुक्यांनी शिटीसुद्धा ऐकली नाही. मग कोकण रेल्वे आली. ती येण्याआधी आपण रीतसर भांडलो. खाजन (खाडीकाठची बांध घालून राखलेली) शेती बुडेल, जुन्या गोव्याच्या चर्चना हादरे बसतील, मार्ग आतून डोंगराकडून न्या, असं म्हणणारे एका बाजूला आणि 'आधी रेल्वे येऊ दे, मग बघू' म्हणणारे दुसऱ्या बाजूला. काम थांबलं, मार्गाच्या चौकशीला ओझा आयोग बसला, आयोग उठला आणि रूळ बहुतेक जिथून जायचे होते तिथूनच गेले. 26 जानेवारी 1998 रोजी अख्खा मार्ग सुरू झाला. या कोकण रेल्वे महामंडळात गोव्याचा वाटा 6 टक्के ठरला होता. गाडी तासभर उशिरा आली तर त्यातला 6 टक्के उशीर आपल्या मालकीचा, असं मानून घ्या. मनाला उभारी येते.

आता सोयी. सोयींची इथे कमतरता नाही, फक्त त्या रोज ये-जा करणाऱ्यासाठी नाहीत. 2017 साली मुंबईहून तेजस सुरू झाली ती थेट करमळीपर्यंत. चार दिवस मान वर करून फिरलो. पुढे तिचा मुक्काम मडगावला गेला. 2023 साली वंदे भारत आली. ती गोव्यात थिवीला थांबते, मडगावला थांबते, आणि मधल्या राजधानीच्या स्टेशनावरून न थांबता निघून जाते. फलाटावर असाल तर दोन पावलं मागे सरा. काचेआडचे लोक चहा पीत असतात, त्यांना त्रास नको.

बाकीच्या बऱ्याचशा गाड्या लांबून येतात नि लांब जातात. तुमच्या मस्टरच्या वेळेशी त्यांचं वैर नाही, त्यांना ती ठाऊकच नाही. त्यातून रूळ एकेरी. समोरून मोठी गाडी येत असेल तर पॅसेंजरने बाजूला उभं राहायचं, हा शिष्टाचार आहे. गाव जवळ असलेल्याने थांबायचं आणि लांबच्याने पुढे जायचं. पावसाळ्यात तर वेळापत्रकच वेगळं लागतं, गाड्या वेग कमी करून चालतात. दरडींचा विचार करता ते योग्यच, त्यात टिंगल नाही. तुमचं वेळापत्रक मात्र बदलत नाही.

मोटारवाल्यांसाठी रेल्वेने जे केलं ते पाहून ऊर भरून येतो. 2025 सालच्या गणेश चवथीला रायगडातल्या कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी रो-रो गाडी निघाली. तेव्हा 7,875 रुपयांत तुमची मोटार रेल्वेने गोव्यात येत होती. थिवीच्या कारकुनाने हाच मार्ग धरावा: स्वतः मोटार व्हावं.

समजा, करमळीला वेळेत उतरलात. स्टेशनाजवळ तळं आहे. हिवाळ्यात तिथे जांभळ्या पाणकोंबड्या आणि अडया (रानबदकं) यांची गर्दी असते, दुर्बिणी घेऊन लोक मुद्दाम येतात. मिनिटभर पाहा, कारण पुढे पणजीला पोचायचं आहे. टॅक्सीवाला तुम्हाला न्याहाळेल. हातात बॅग नाही, डोक्यावर टोपी नाही, डबा आहे, म्हणजे हा पर्यटक नव्हे. तो पुन्हा मोबाईलमध्ये तोंड घालेल. मग पायलट, म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर डबा मांडीत दाबून बसा. भाडं आधी ठरवा, आणि कोकणीतून ठरवा. बसने जायचं तर हमरस्त्यापर्यंत या. जुन्या गोव्याकडून पणजीला बशी मिळतात. तिथे उभं असताना आपली स्कूटर घरी छपराखाली उभी आहे, हा विचार मनात आणू नये.

आणि ऑफिसात उशीर झालाच, तर रेल्वेचं नाव सांगू नका. मुंबईत 'लोकल लेट होती' म्हटलं की साहेब मान डोलावतो. पणजीत तो चष्मा काढून विचारेल, "रेल्वे? हांगा खंय?" (इथे कुठे?) सरळ टायर पंक्चर झाला म्हणा.