सायकल जाते, ऊस अडतो

उद्यमनगरातल्या ज्या फाउंड्रीचा सर्व्हर मी सांभाळतो, तिथून पगाराच्या दिवशी सकाळी आठला फोन आला की तो चहाला बोलावण्यासाठी नसतो, हे मला अनुभवाने कळते. हिशेबनीस तात्या म्हणाले, "सर, मशीन जित्तं हाय, पण हालंना झालंय."

पोहोचून पाहिले तर तात्यांचे निदान अचूक होते. हा सर्व्हर लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतो आणि त्याची स्वतःची डिस्क नावापुरती आहे. हिशेबाचा सगळा संसार पलीकडच्या खोलीतल्या स्टोरेजवर असून तो आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कच्या तारेवरून जोडलेला आहे. लिनक्सला मात्र ती आपल्याच पोटातली डिस्क वाटते. दिलेली आज्ञा डिस्कने ३० सेकंदांत पुरी करावी अशी त्याची मूळ अपेक्षा असते. शिवाय आयस्कझी अधूनमधून 'आहेस का?' असे विचारते आणि ५ सेकंदांत 'ओ' आली नाही, तर जोडणी तोडून नव्याने लॉगिन करते. सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, हाच रुसवा-फुगवा रात्रभर चालला होता. लॉगिन दर वेळी यशस्वी, डिस्कचा आकारही बरोबर दिसे, आणि पहिले पान वाचायला मागितले की पुन्हा शांतता.

पगाराची प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, डिस्कची वाट पाहत 'डी' अवस्थेत अडकली होती. या अवस्थेतल्या प्रोसेसला ९ क्रमांकाचा सिग्नल देऊन सरळ मानगूट धरली, तरी डिस्कचे उत्तर आल्याशिवाय ती मरत नाही. लोड, म्हणजे काम करणाऱ्या आणि रांगेत थांबलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या, ३८ वर गेला होता आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता, कारण लिनक्स अशा ताटकळलेल्यांनाही लोडमध्ये धरतो. खासबाग मैदानात एकही कुस्ती न लागता नुसत्या प्रेक्षकांवरून दंगल ठरवावी, तसला हा हिशेब. त्यात मालकांनी गेल्या महिन्याचा अहवाल उघडून दाखवला. "हे बघा, चालतंय की!" तो अहवाल मेमरीत राहून गेलेला असल्यामुळे उघडत होता, हे त्यांना समजावताना मी निष्कारण आजारी माणसाच्या नातेवाइकांशी बोलणाऱ्या डॉक्टरसारखा दिसू लागलो.

टाइमआउट, म्हणजे वेळेत उत्तर न येणे, याचा अर्थ डिस्क गेली, असा निकाल मी तोवर देऊन टाकला होता. पुण्याहून नवी डिस्क तातडीने मागवली आणि मगच तपासणीला बसलो. (हा क्रम उलटा असायला हवा, हे मी इतरांना नेहमी सांगतो.) स्टोरेजचे दिवे हिरवेगार, एकही सेक्टर खराब नाही. केबल बदलली. पिंग केले, म्हणजे स्टोरेजला एक छोटे पाकीट पाठवून उत्तर मागितले, तर एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर हजर.

दुपारी तात्या सहज बोलून गेले, "काल सांजच्याला लाइट ये-जा करत हुती, जुना स्विच जळाला. वायरमननं नवा बसिवला न्हवं? लै भारी हाय!"

हा स्विच दिव्याचा नव्हे, तर सर्व्हर आणि स्टोरेजच्या तारा जोडणारी नेटवर्कची पेटी. आमचा सर्व्हर आणि स्टोरेज दोघेही ९००० बाइटच्या जम्बो फ्रेमवर, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पाकिटांत बोलतात. जुन्या स्विचमध्ये ती सोय मी स्वतः चालू केली होती. नव्यात ती बंद होती आणि तो नेहमीच्या १५०० बाइटचाच माणूस होता. पिंगचे चिमुकले पाकीट म्हणजे बोळातून सुटणारी सायकल. डिस्कचे ४ किलोबाइटचे पान म्हणजे गळीत हंगामातला दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर. आपल्याकडे असा ट्रॅक्टर अडला तर निदान चौकभर शिव्या तरी ऐकू येतात. स्विच मोठी फ्रेम मुकाट्याने टाकून देतो, ना पाठवणाऱ्याला निरोप, ना घेणाऱ्याला.

खात्रीसाठी ८९७२ बाइटचे पिंग, तुकडे करायचे नाहीत अशी अट घालून सोडले. (९००० मधून पाकिटावरच्या पत्त्याबित्त्याची २० आणि ८ बाइटची दोन शीर्षके, म्हणजे हेडर, वजा जातात.) एकही परत आले नाही. स्विचमधली एक सेटिंग बदलली, आणि मिनिटभरात तीन तासांपूर्वी दिलेल्या छपाईच्या आज्ञाही एकदम जाग्या होऊन प्रिंटरमधून पगारपत्रकांचे तीन-तीन संच बाहेर पडू लागले.

मालकांनी मिसळ मागवली. वायरमनला कटाची जादा वाटी मिळाली, कारण "त्यानंच स्विच बसिवला म्हणून तर घावलं." दुसऱ्या दिवशी पुण्याची डिस्क आली. तात्यांनी चष्मा वर सरकवला, खातेवही उघडली आणि विचारले, "सर, ही कुठल्या खात्यावर टाकू? दुरुस्ती म्हणू, का तुमचं येणं?"