नांदायला लावणारा खुनी

शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आठवडाभर रणकंदन चाललंय, आणि कारण काय, तर एक कादंबरी. एकीने वाचून संपवलेल्या रोमँटिक सस्पेन्सची गोष्ट चार ओळींत टाकली होती. दोन वर्षं वेगळे राहणारे नवरा-बायको, तिच्या मागावर एक खुनी, तिला वाचवायला नेमका हाच येतो. दोघं बर्फात अडकलेल्या एका लाकडी घरात रात्र काढतात, खुनी पकडला जातो आणि घटस्फोटाचे कागद शेकोटीत जातात. खाली तिने लिहिलं होतं, "काय मस्त शेवट आहे!"

आमच्यातली एक कुटुंब न्यायालयात वकिली करते. ती तडकली. "बायकांना परत नांदायला पाठवायचा धंदा आहे हा. आधी मामा-काका करायचे, आता खुनी करतोय." दुसरीचं म्हणणं, हल्लीची पोरं खुट्ट झालं की कोर्टात जातात, त्यापेक्षा असलं काही वाचतील तर बरं. मग नेहमीप्रमाणे चेंडू माझ्याकडे आला. "तू तर ही पुस्तकं छापतात त्याच देशात राहतेस. तू सांग."

त्यात थोडं तथ्य आहे. प्रेमकथा छापणारं मिल्स अँड बून हे प्रकाशन मूळ लंडनचं, १९०८ सालचं, पण १९७१ मध्ये ते विकत घेतलं हार्लेक्विनने, आणि हार्लेक्विन कॅनडाचं, १९४९ मध्ये विनिपेगला सुरू झालेलं. प्रेम आणि जिवावरचं संकट एकत्र घालणारी त्यांची 'इंट्रीग' ही मालिका १९८४ पासून चालू आहे. मी व्हँकुव्हरजवळ राहते आणि ही पुस्तकं वाचते, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. आमच्या लायब्ररीत ती फिरत्या मांडणीवर असतात, पाठीला सुरकुत्या पडलेली. पहिल्यांदा एक घरी आणलं तेव्हा एका पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका दिसला, पुढच्या पानावर एक फुली, त्याच्या पुढे कुणाचं तरी गिरवलेलं आद्याक्षर. मला वाटलं पोरांनी रेघोट्या मारल्यात. काउंटरवरच्या बाईंनी हसून सांगितलं, या नेमाने येणाऱ्या आजीबाईंच्या खुणा. इतकी वाचून होतात की कुठलं वाचलंय ते नाव बघून आठवत नाही, म्हणून जिची तिची खूण ठरलेली. माझीही आता एक आहे. कुठल्या पानावर, ते सांगणार नाही.

तर माझं मत. वकीलबाईंचा राग बरोबर आहे, पण तो चुकीच्या पानावर निघालाय.

या कादंबऱ्यांमधलं दुरावलेलं जोडपं हे साध्या प्रेमिकांपेक्षा जास्त मजेदार असतं, कारण त्यांच्याकडे एकमेकांची जुनी माहिती असते. समजा, त्याचा फोन येतो आणि तो म्हणतो, "काळजी करू नकोस, सगळं ठीक आहे." आठ वर्षांच्या संसारात या माणसाने "काळजी करू नकोस" हे शब्द एकदाही उच्चारलेले नाहीत. तिला तिथल्या तिथे कळतं की त्याच्या शेजारी कुणीतरी बंदूक घेऊन उभं आहे. पोलिसांना हे कळायला चाळीस पानं लागतात. किंवा अंधारात जिन्यावर पावलं वाजतात आणि ती हातातली सळई खाली ठेवते, कारण तिसऱ्या पायरीवर थांबून श्वास घेणारा माणूस एकच. ज्या सवयींना ती वैतागली होती, त्याच आता जीव वाचवतात. नव्याने भेटलेल्या दोघांना हे जमणार नाही. लग्न म्हणजे दुसऱ्या माणसाविषयी गोळा झालेला केवढा तरी निरुपयोगी तपशील. या कादंबऱ्या त्या तपशिलाला एकदा तरी कामाला लावतात, म्हणून मी त्या वाचते.

लबाडी दुसरीकडे आहे, आणि ती अशी की धोका कायम घराबाहेरचा असतो. माफियाचा माणूस, माथेफिरू, नवऱ्याच्या जुन्या केसमधला सूड घ्यायला निघालेला कैदी. वेगळं होण्याचं कारणही तसंच बेतलेलं. एखादं दुःख जे दोघांनी एकमेकांपासून लपवलं, एखादी गुप्त नोकरी, एखादं न पोचलेलं पत्र. भांडी कुणी घासायची यावरून वेगळं झालेलं जोडपं मला या मांडणीवर अजून भेटलेलं नाही. हात उगारणारा नवराही नायक म्हणून भेटत नाही. तो भेटतो, पण खलनायक म्हणून, आणि मग नायक दुसराच कुणीतरी असतो. म्हणजे लेखिकांना फरक पक्का ठाऊक आहे. आपल्याकडच्या मामा-काकांना मात्र तो ठाऊक नसतो, किंवा असून सांगायचा नसतो. वेगळं व्हायला निघालेल्या बाईच्या बाबतीत धोका बऱ्याचदा ज्याच्याकडे परत जायचं त्याचाच असतो. निघण्याचे दिवस तर सगळ्यात वाईट. कादंबरीतला खुनी बाईला नवऱ्याकडे ढकलतो ते चालतं, कारण लेखिकेने नवऱ्याला आधीच निर्दोष सोडवलेला असतो. खऱ्या आयुष्यात तो निकाल कुणी लावलेला नसतो.

दुसरा मुद्दा धडधडणाऱ्या छातीचा. इथे नॉर्थ व्हँकुव्हरला कॅपिलानोचा झुलता पूल आहे. तारांवर टांगलेला, साधारण १३७ मीटर लांब, खाली ७० मीटरवर नदी. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेते, आणि अर्धे पाहुणे मध्यावर पोचल्यावर मला शिव्या घालतात. १९७४ साली डटन आणि ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो याच पुलावरचा. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी गाठायची, एक चित्र दाखवून त्यावर छोटी गोष्ट लिहून घ्यायची आणि कागदाचा कोपरा फाडून आपला फोन नंबर द्यायची. नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या बुटक्या, भक्कम लाकडी पुलावर हेच केलं तेव्हा १६ पैकी फक्त २ जणांनी. भीतीने उडालेली छाती माणूस प्रेमाच्या खात्यावर मांडतो, असा त्यांचा अर्थ. माणसं मोजकी होती, आणि महत्त्वाचं म्हणजे सगळी अनोळखी. दहा वर्षं एकमेकांचं घोरणं ऐकलेल्या दोघांना पुलावर नेऊन कुणी काही मोजल्याचं माझ्या वाचनात नाही. पण त्या प्रयोगाने एवढं तरी कळतं की लाकडी घरातल्या त्या रात्रीवर विश्वास ठेवायचा नाही. पूल संपल्यावर, पाय जमिनीवर आल्यावर काय बोलणं होतं ते बघायचं.

चांगल्या लेखिका नेमकं हेच करतात. खुनी पकडला गेल्यावरही त्यांची चाळीसएक पानं उरलेली असतात. ती पानं पुष्कळ जण चाळून सोडतात. त्यात ती त्याला घरात घेत नाही. तो दुसरीकडे भाड्याने राहतो, ते आठवड्यातून एकदा भेटतात, आणि ज्या गोष्टीवरून फाटलं ती पहिल्यांदा नीट बोलली जाते. वाईट लेखिका ही पानं लिहीतच नाहीत, थेट शेकोटी.

आपला कायदाही, मला वाटतं, ही पानं लिहायचा कंटाळा करतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ अजून जागेवर आहे. कोर्टात त्याला भारदस्त नाव आहे, पण पक्षकार सरळ "नांदायला येण्याची केस" म्हणतात. जोडीदार वाजवी कारणाशिवाय दूर राहतोय असं ठरलं की कोर्ट त्याला परत राहायला ये म्हणू शकतं. ही कल्पना आपली नाहीच, इंग्रजांच्या चर्चच्या कायद्यातून आली, आणि इंग्लंडने ती १९७० च्या कायद्याने मोडीत काढली. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं.

आणि रखमाबाईंना आपण विसरलो का? अकराव्या वर्षी लग्न, नवऱ्याच्या घरी कधी राहिल्याच नाहीत. १८८४ मध्ये त्या नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, मुंबईत दावा लावला, १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर प्रकरण मिटलं, आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. आज तुरुंग नाही, फार तर मालमत्तेवर जप्ती. पण दोघांना एका खोलीत घातलं की काम झालं, ही समजूत तीच आहे. खुनी तेच करतो, निदान तो कायद्याचं नाव घेत नाही.

परदेशात सगळं शहाणपणाचं आहे असं म्हणायला मी ही लेखणी उचललेली नाही. इथेही वकिलांच्या बिलांनी माणसं खचतात, इथेही तारखा लांबतात, आणि नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या मुलीला शेजारी कोण राहतं तेही ठाऊक नसतं. मामा-काका जाचक असले तरी रात्री दोनला दार उघडणारे तेच असतात. ते नसणं काय असतं, ते मी पाहिलंय. पण इथल्या घटस्फोटाच्या कायद्यात एक छोटी तरतूद आहे, ती मला कुठल्याही कादंबरीपेक्षा आवडते.

मी एका कायदा सल्ला केंद्रात अधूनमधून दुभाषाचं काम करते, मराठी आणि हिंदी. इथे घटस्फोटासाठी नेहमीचा आधार म्हणजे वर्षभर वेगळं राहणं. अशिलाशी समेटाच्या शक्यतेबद्दल बोलणं हे वकिलाचं कायद्याने ठरलेलं काम आहे. परिस्थितीच तशी नसेल, म्हणजे मारहाण वगैरे, तर मात्र नाही. त्या दिवशी समोर तिशीतली एक मुलगी होती, वेगळी होऊन सात महिने झालेली. मारहाणीचा प्रश्न नव्हता, वकिलांनी ते आधी नीट विचारून घेतलं होतं. मग त्यांनी ते ठरलेलं वाक्य उच्चारलं आणि मी अडले. 'समेट' म्हटलं तर दोन पक्षांची लढाई वाटते. 'तडजोड' म्हटलं की कुणी काय सोडायचं ते आलं, आणि ते बहुतेक तिनेच. 'नांदणं' तर माझ्या तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं, "परत एकत्र राहून बघावंसं वाटतं का, असं विचारतायत."

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वाटतं कधीकधी. पण नाही जमलं तर हे सात महिने फुकट जातील ना? परत पहिल्यापासून वर्ष मोजायचं?"

वकिलांनी सांगितलं, नाही. जुळवून बघण्यासाठी म्हणून एकत्र राहिलात, तर एकूण नव्वद दिवसांपर्यंत तुमचं वर्ष तुटत नाही. सलग राहा, नाहीतर तुकड्यातुकड्याने. मी मराठीत सांगितलं. तिने पर्समधून पेन काढलं, पावतीच्या मागे ९० लिहिलं आणि त्याभोवती गोल केला.

"शनिवार-रविवार धरून?" तिने विचारलं.