फझी पद्धतीने पक्षपात जात नाही

‘विद्यापीठांच्या सेवेचा दर्जा फझी पद्धतीने मोजला की वैयक्तिक मताचा प्रश्नच उरत नाही, येणारा क्रम वस्तुनिष्ठ आणि अचूक असतो.’ हे विधान सध्या बरेच जण पुढे पाठवताहेत. ‘बरं’, ‘चांगलं’ अशी धूसर उत्तरं एका आकड्याऐवजी आकड्यांच्या पट्ट्याने मांडणारी ही पद्धत मला मनापासून आवडते, म्हणूनच तिच्या नावावर भलतं काही खपलेलं बघवत नाही.

आधी त्यात खरं किती, ते. लॉट्फी झादे यांनी १९६५ साली फझी संच मांडले ते ‘उंच’, ‘चांगलं’ अशा धूसर कडांच्या शब्दांना गणितात जागा मिळावी म्हणून. ग्रंथालयातली मदत ‘बरी’ होती असं विद्यार्थी म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात नेमका ५ हा आकडा नसतो. ते ‘बरी’ म्हणजे ३ ते ७, आणि ५ पाशी सर्वांत ठाम, असं त्रिकोणी संख्येने लिहिणं जास्त प्रामाणिक आहे. इथवर वाद नाही.

‘वैयक्तिक मत उरत नाही’ हे मात्र चूक. धूसरपणा वेगळा, पक्षपात वेगळा. तो त्रिकोण ३ ते ७ घ्यायचा की ४ ते ६, हे अभ्यास करणाराच ठरवतो. निकषांची वजनं तज्ज्ञांच्या मतावरून येतात. फक्त वसतिगृहात राहणाऱ्यांनाच विचारलं असेल, तर ती चूक गणित जशीच्या तशी पुढे नेतं.

प्रश्नावलीतही मेख आहे. परशुरामन, झाइटहॅमल आणि बेरी यांची १९८८ ची सर्व्हक्वाल ही सेवेच्या दर्जाची प्रश्नावली २२ विधानांवर अपेक्षा आणि अनुभव यांतलं अंतर मोजते. दोन ठिकाणी अनुभव ७ च आहे; एकीकडे अपेक्षा ९ होती, दुसरीकडे ६. पहिल्याला उणे २, दुसऱ्याला अधिक १. सेवा तीच, पण कमी अपेक्षा ठेवणाऱ्यांचं विद्यापीठ वर! क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ मध्ये फक्त अनुभव मोजायचा आग्रह धरला; त्यांचं कारण नेमकं हेच नव्हतं, पण त्यांच्या मार्गाने ही अडचण येत नाही. आकडे फझी केल्याने ही अडचण सुटत नाही.

क्रम लावायच्या टॉप्सिस या पद्धतीबद्दल थोडक्यात: तीत ‘आदर्श’ गुणांच्या जवळ आणि सर्वांत वाईट गुणांपासून दूर असलेलं विद्यापीठ वर येतं. तिथला आदर्श बिंदू सहसा यादीतल्याच विद्यापीठांवरून ठरतो, त्यामुळे एक नवं नाव घातलं की जुन्या दोघांचा आपसातला क्रमही उलटू शकतो.

आता ‘अचूक’. क्रम लावायचा तर शेवटी त्रिकोणाचा एकच आकडा करावा लागतो. याला डीफझिफिकेशन म्हणतात. समजा, ‘अ’ला (५, ७, ८) मिळाले, म्हणजे ५ ते ८ आणि ७ पाशी सर्वांत ठाम, आणि ‘ब’ला (६, ६.५, ८.५). तिन्ही आकड्यांची सरासरी घेतली तर ‘अ’ ६.६७ आणि ‘ब’ ७, म्हणजे ‘ब’ पुढे. त्रिकोणाचं टोक घेतलं तर ‘अ’ ७ आणि ‘ब’ ६.५, म्हणजे ‘अ’ पुढे. विद्यार्थ्यांची उत्तरं बदललेली नाहीत, बदलली ती फक्त शेवटची पायरी. शिवाय दोन्ही त्रिकोण ६ ते ८ मध्ये एकमेकांवर चढलेले आहेत. जो धूसरपणा जपायला ही पद्धत आणली, तो क्रमांक देताना आपणच पुसतो. ‘अ’ आणि ‘ब’ यांना पहिला-दुसरा न म्हणता एका गटात ठेवून दोन्ही त्रिकोण छापावेत. या उत्तरांवरून त्यापुढे जाता येत नाही.