माझे दंड कोणी बारीक केले?

आज दुपारी घरच्या समारंभाचे फोटो छायाचित्रकाराने पाठवले आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. सगळ्यांच्या एकत्र फोटोत दुसऱ्या रांगेत माझ्या कपड्यांतली, माझ्याच चेहऱ्याची कोणी भलतीच बाई उभी आहे. तिचे दंड माझ्या दंडांच्या निम्मे आहेत, हनुवटीखालची वळी गायब आहे आणि कमर इतकी आत ओढली आहे की मागच्या दाराची सरळसोट चौकटही नेमकी तिथेच आत वाकली आहे. दंडावरचा लहानपणच्या लसीचा गोल वण ताणून लांबट झाला आहे. शेजारी काका उभे आहेत. त्यांचे पोट मात्र शर्टाच्या बटणांना ताण देत जसेच्या तसे सुखरूप आहे.

मी फोन केला, तेव्हा त्या मुलाला माझी तक्रारच कळेना. ‘मॅडम, याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत,’ असे तो म्हणाला. बाईला बारीक करून देणे हे त्याच्या लेखी भिंतीवरचा डाग पुसण्याइतके साधे काम होते, आणि ते त्याने समारंभातल्या प्रत्येक बाईवर केले होते, पुरुषांपैकी एकावरही नाही. काकांचे पोट म्हणजे काका. माझे दंड म्हणजे चूक. ही विभागणी त्याला कोणी शिकवावी लागली नाही, याचाच मला संताप येतो.

वजनाचा आरोग्याशी संबंध असतो, एवढे मान्य करून टाकते. पण फोटोतली कमर आत ढकलल्याने कोणाच्या रक्तातली साखर उतरत नाही, आणि ‘तुझ्या तब्येतीच्या काळजीने बोलते’ म्हणणाऱ्यांनी कधी माझी झोप किंवा माझे हिमोग्लोबिन विचारल्याचे मला आठवत नाही. ज्या बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या मापाचा, आकडा तोंडावर फेकला जातो, त्याचे गणित अडॉल्फ केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने १८३०च्या दशकात मांडले, ते लोकसमूहांच्या सरासरीचा अभ्यास करताना. एकेका बाईचा निकाल लावण्यासाठी नव्हे.

हे सारे किती लवकर सुरू होते पाहा. १९६५ साली आलेल्या एका बार्बी बाहुलीबरोबर इवलासा वजनकाटा मिळत असे. त्यावरचा आकडा ११० पौंडांवर, म्हणजे साधारण ५० किलोंवर, कायमचा रोवलेला होता, आणि सोबतच्या चिमुकल्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला वजन उतरवण्याचा उपाय छापला होता : खाऊ नका. खेळण्यात! ज्या मुलींना स्वतःचे वजन किती हेही ठाऊक नसेल, त्यांच्या हाती!

हे लिहीत असतानाच सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईने तो फोटो पाहिला आणि ती हळूच म्हणाली, ‘बरी दिसते गं मी यात.’ जन्मभर कोपरापर्यंत बाही शिवून घेणाऱ्या बाईला मी चौकट कुठे वाकली आहे ते दाखवू शकले नाही. बायका स्वतःहूनच बारीक करून मागतात, असेही तो मुलगा म्हणाला होता, आणि तो खोटे बोलत नसणार. मात्र ज्यांना कळत्या वयापासून कोणी ना कोणी दंड झाकायला सांगत आले, त्यांच्या या मागणीला निव्वळ हौस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलची अंगकाठी संगणकावर बारीक किंवा जाड केली असेल, तर फोटोत फेरफार केल्याचे त्यावर छापावे लागते. घरच्या फोटोंना असा कायदा नाही आणि तो असावा असेही माझे म्हणणे नाही. मी मूळ फोटो मागवले आहेत. ज्यांना दुरुस्त केलेला हवा असेल त्यांना तो जरूर मिळावा, पण त्यांनी मागितल्यावर. आईला मी दोन्ही देणार आहे. त्यांतला कोणता लावायचा हे तिचे ती ठरवेल, आणि त्यावर घरातल्या कोणीही, मला धरून, तोंड उघडू नये.