दुसरा चालक झोपला होता का?

पुण्याहून रात्री सुटणाऱ्या खासगी बसगाड्यांबद्दल एक संदेश खूप फिरतो आहे: 'दोन चालक द्या, चहाचा थर्मास द्या, पेंग आली तर तोंडावर पाणी मारा. मुरलेल्या चालकाला झोप येत नाही. थकवा व्यवस्थापनाचे आराखडे म्हणजे कागदी घोडे.'

आधी दोन चालकांचं बघू, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. पुणे–नागपूर ही ७०० किलोमीटरच्या वरची फेरी. दुसरा माणूस हवाच. पण तो गाडीत असणं वेगळं आणि झोपलेला असणं वेगळं. संगमवाडीहून आठला सुटलेल्या गाडीचे पिकअप वाघोली-शिक्रापूरपर्यंत चालतात. दार, फोन, क्लीनरच्या हाका; या गलक्यात बर्थवर डोळा लागत नाही. सकाळी सातला उठलेल्या त्याच माणसाच्या हाती रात्री बाराला स्टिअरिंग येतं, म्हणजे १७ तासांच्या जागरणानंतर. इतक्या जागरणाने हातपाय आणि नजर रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी मंदावतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे!

म्हणून १२ ते ४ ज्याच्याकडे गाडी, त्याने दुपारी १ ते ६ अंधाऱ्या, थंड खोलीत झोपायचं आणि पिकअपच्या कामाला हात लावायचा नाही. बर्थवर मिळेल ती झोप वरकड समजायची. चारला बदली असेल तर पहिल्याला साडेतीनलाच उठवा. गाढ झोपेतून उठल्यावर १५ ते ३० मिनिटं डोकं जड असतं आणि नेमकं तेव्हाच त्याला गाडी देतात.

चहा वाईट नाही, त्याची वेळ चुकते. कॅफिन चढायला सुमारे अर्धा तास लागतो. डोळे मिटू लागल्यावर चालत्या गाडीत घेतलेला कप तोवर काही वाचवत नाही, आणि ताशी ८० वेगात चार सेकंदांच्या डुलकीत गाडी जवळजवळ ९० मीटर जाते. गाडी सुरक्षित जागी उभी करून चहा प्यायचा, गजर लावून लगेच १५-२० मिनिटं पडायचं. उठेपर्यंत चहा कामाला लागलेला असतो. पहाटे चारनंतरचा चहा मात्र सकाळची झोप खातो. तोंडावरचं पाणी, उघडी खिडकी, मोठी गाणी यांचा असर काही मिनिटांचा.

मुरलेल्या चालकाला वळणं पाठ असतात, पण पहाटे २ ते ६ मध्ये त्याचंही शरीर मंदावतंच. तो जोरात घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करून घ्या.

कागदी घोड्यांचा आरोप बऱ्याच ठिकाणी खरा आहे. आराखड्यात 'तीनच्या सुमारास थांबा' लिहिलेलं असतं, वेळापत्रकात ती २० मिनिटं नसतात. उशीर झाला की जाब चालकालाच. परतीचंही तसंच. नऊला नागपूर, रात्री आठला परत, म्हणजे कागदावर ११ तास विश्रांती. त्यातून पार्सल उतरवणं, गाडी धुणं, जेवण, आणि चारपासून पुन्हा तयारी वजा करा. झोपेला साडेतीन तास उरतात. धुण्याचं आणि पार्सलचं काम दुसऱ्याकडे दिलं तर तोच माणूस दहाला झोपतो आणि सहा तास मिळवतो.

सुरुवात १४ दिवसांच्या नोंदीने करा, तोवर वेळापत्रकाला हात नको. झोप कधीपासून कधीपर्यंत, कुठे, आणि बदली किती वाजता, एवढंच लिहायचं. बदलीच्या थांब्याची वेळ जीपीएसशी ताडायची. 'आज जमणार नाही' म्हणणाऱ्याचे फेरीचे पैसे कापले, तर ही वही पहिल्याच आठवड्यात खोटी होते. 'कुठे' या रकान्याकडे जास्त लक्ष द्या. तिथे 'डिकी' लिहिलेलं दिसलं तर खोली भाड्याने घ्या. एप्रिलच्या नागपुरात डिकीत काढलेली दुपार झोपेत धरता येत नाही.