दीड फुटाचं काय एवढं?

"दीड फुटासाठी कशाला एवढं ताणतोस?" शेजाऱ्याशी चाललेल्या जागेच्या हद्दीच्या वादात गेल्या वर्षभरात हे वाक्य मी भावकीतून ऐकलं, गावकीतून ऐकलं, बायकोच्या माहेरून ऐकलं, ज्यांनी आमचं घर कधी पाहिलेलंही नाही अशा ऑफिसातल्या लोकांकडूनही ऐकलं. आता माझं डोकं फिरायची वेळ आलीय.

मागच्या फेब्रुवारीत आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तिला ठाण्याला घेऊन आलो. कोकणातलं घर दीड महिना बंद होतं. शिमग्याला परत गेलो तर आमच्या आणि शेजाऱ्याच्या परड्यामधला, म्हणजे घरामागच्या बागेमधला, गडगाच जाग्यावर नव्हता. आजोबांच्या वेळचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, नुसता जांभ्यावर जांभा रचलेला, सिमेंटचा एक कणसुद्धा नाही. वर निरगुडी आणि शेराची झुडपं वाढलेली, मध्ये येण्याजाण्यापुरतं बांबूचं बेडं, म्हणजे फाटक. त्या बेड्यातून चाळीस वर्षं ताटं इकडून तिकडे गेली, तापात काढा गेला, रात्री-अपरात्री माणसं धावत आली. ते सगळं जेसीबीने एका दिवसात उपटलं आणि तिथे चिऱ्याची साडेपाच फुटी भिंत उभी राहिली. तीही गडग्याच्या जागेवर नाही, आमच्या बाजूला आत सरकून!

हे आधी लक्षात आलं ते आईच्या. डोळ्यावर काळा चष्मा, नीट दिसतही नव्हतं तिला. मागीलदारी गेली, पहिल्या पोफळीला, सुपारीच्या झाडाला, हात लावला, तिथून भिंतीपर्यंत कोपर ते बोटं असे हात मोजत गेली आणि म्हणाली, "ही पोफळ मी गडग्यापासून तीन हातांवर लावली होती. आता दोनच हात भरतायत." एक हात म्हणजे दीड फूट. पुढे टेप लावून मोजलं, तेव्हा बरोबर तेवढंच निघालं.

मी शेजाऱ्याकडे गेलो. भांडायला नव्हतो गेलो. "भाऊ, हे काय केलंत? निदान एक फोन तरी करायचा." तर म्हणतो, "जेसीबीवाल्याने लाइन मारली, मी काय तिथे टेप घेऊन उभा होतो?" आणि वर, "तुमची एवढी जागा पडून असते. तुम्ही मुंबईवाले, वर्षातून दोनदा येणार. दीड फुटाने काय बिघडलं तुमचं?"

पडून असते? माझी आई बारा महिने त्या घरात राहते. शेणसारवण करते, पोफळी-माडांना पाणी लावते. आणि समजा नसती राहत, समजा खरोखरच वर्षभर घराला कुलूप असतं, तरी जागा आमचीच ना? कुलूप दिसलं की हद्द सरकवायची, ही कुठली रीत? देशावर नांगराच्या फाळाने दरवर्षी बोटभर बांध कोरतात. आमच्याकडे दार बंद दिसलं की गडगा सरकतो. गावोगाव हेच चाललंय, आणि जो तो मान खाली घालून बसलाय.

हिशेब सांगतो. लांबी 90 फूट, रुंदी दीड फूट. झाले 135 चौरस फूट. गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे जवळजवळ गुंठ्याचा आठवा हिस्सा गेला. माझ्या चुलत्यांनी गिरणगावातल्या चाळीत 10 बाय 12 च्या खोलीत सहा माणसांचा संसार केला. ती खोली 120 चौरस फुटांची. ज्याला तुम्ही 'एवढंसं' म्हणता, त्यात माझ्या काकाचं सगळं घर मावलं असतं आणि वर दारात चपला काढायला जागा उरली असती.

आणि खरा जाच जूनमध्ये सुरू झाला. आमचं परडं वरच्या अंगाला, त्याचं खालच्या. गडग्याच्या फटींमधून पाणी आपोआप झिरपत खाली पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, जायचं. गडगा असा सुका का रचतात, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. कोकणात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ते पाणी जाणार कुठे? या भिंतीला खाली एकही भोक ठेवलेलं नाही. पहिल्या जोराच्या सरीला आमच्या मागीलदारी घोटाभर पाणी साचलं आणि पडवीच्या जोत्यापर्यंत आलं. पोफळीला पाणी लागतं, पण मुळाशी तुंबलेलं पाणी तिला चालत नाही. अठरा पोफळी पिवळ्या पडल्या. आई भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन फावड्याने चर खणत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, डोळ्याचं ऑपरेशन झालेली! मी फोनवरून ओरडत होतो, "आई, घरात जा," आणि ती म्हणत होती, "घरातच येतंय रे पाणी, जाऊ कुठे?" तेव्हा भिंतीच्या पलीकडून कोणी वाकूनसुद्धा बघितलं नाही.

मार्चमध्येच मी हद्द कायम मोजणीचा, म्हणजे सरकारी माणसाकडून हद्द मोजून खुणा करून घेण्याचा, अर्ज केला होता, पैसेही भरले होते. मोजणीला माणूस आला नोव्हेंबरात. लगतधारक म्हणून शेजाऱ्याला नोटीस गेली होती. तो त्या दिवशी घराला कुलूप लावून बाजारात गेला. मोजणी झाली, खुणा झाल्या, नकाशा आला, भिंत आमच्या हिश्श्यात आहे हे कागदावर आलं. मला वाटलं, झालं. कसलं काय! तो म्हणाला, "मला मोजणी मान्य नाही." आता निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याने करायची फेरमोजणी. मोजणीच्या कार्यालयात विचारलं की मग ही भिंत काढणार कोण, तर उत्तर मिळालं, "आम्ही फक्त हद्द दाखवतो. काढायची असेल तर दिवाणी कोर्टात जा." म्हणजे भिंत घालायला त्याला चार दिवस पुरले. ती पाडायला मी किती वर्षं घालवायची?

गडग्याच्या टोकाला हद्दीचा दगड होता. लहानपणी त्यावर बसलो तर आजोबा उठवायचे. तो दगड आज शेजाऱ्याच्या न्हाणीमागे आहे, त्यावर कपडे धुतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, 1966 च्या कायद्यात, स्पष्ट लिहिलंय की हद्दीच्या खुणा सांभाळणं ही जमीनधारकाची जबाबदारी. खूण मुद्दाम उखडली तर कलम 145 खाली दंड आहे. किती? एका खुणेमागे जास्तीत जास्त 100 रुपये. जेसीबीचं एका तासाचं भाडं त्याच्या कितीतरी पट असतं. मग कोण कशाला घाबरेल?

"गप्प बस, काळ सगळं मिटवतो," म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. दुसऱ्याने आपल्या जमिनीवर उघडउघड ताबा ठेवला आणि आपण 12 वर्षं दावा केला नाही, तर मुदतीच्या कायद्याने आपला हक्कच जातो. काळ मिटवतो तो आपला हक्क. गप्प बसलो तर माझ्या मुलीच्या हातात सातबारा राहील आणि जागा त्याच्याकडे.

सगळ्यात जास्त राग मला शेजाऱ्याचा येत नाही. त्याला जमीन हवी होती, त्याने घेतली. राग येतो तो मध्यस्थांचा. गावकीची बैठक बसली. पाच-सात शहाणी माणसं, माझ्या वडिलांबरोबर वाढलेली. गडगा कुठे होता हे त्यांतल्या प्रत्येकाला डोळे मिटून सांगता येईल. एकानेही त्याला विचारलं नाही, "दीड फुटासाठी तू कशाला भिंत सरकवलीस?" सगळे माझ्याकडे वळले. "तू शिकलेला, तू समजून घे. शेजाऱ्याशी वैर बरं नव्हे." घेणाऱ्याला दीड फूट मोठा वाटला म्हणूनच त्याने घेतला ना? मग परत मागणाऱ्यालाच तो लहान का वाटावा? माझी आई त्या बैठकीत एका कोपऱ्यात पदर घट्ट धरून बसली होती. तिला कोणी बोलूही दिलं नाही.

आता मधला तोडगा म्हणून निरोप आलाय. अर्धा-अर्धा करू. पाऊण फूट तो सोडेल, पाऊण फूट मी सोडायचा. माझ्याच जागेतलं पाऊण फूट मी त्याला का द्यायचं? परवा आईला विचारलं, काय करायचं. ती सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "पोफळ तीन हातांवर लावली होती."

मला तीन हात हवेत. अडीच नकोत, पावणेतीन नकोत. निमतान्याची तारीख लागली की रजा टाकून जाणार आहे, आणि टेपचं एक टोक मी स्वतः धरणार आहे.